इसार देण्याआधी गच्चीवर चढा: नागपुरात जुनं घर घेताना दुरुस्तीचा आणि पैशांचा हिशेब

धरमपेठ, लक्ष्मीनगर, हनुमाननगर, नंदनवन अशा वस्त्यांत जुन्या घराचा सौदा होतो, तेव्हा भाव ठरतो तो मुख्यतः प्लॉटचा. वर उभं असलेलं घर "थोडी रंगरंगोटी केली की झालं" या एका वाक्यात निघून जातं. घेणारा स्वयंपाकघराचा ओटा बघतो, बाथरूमच्या टाइल्स बघतो आणि मनात दोन-तीन लाख धरतो. खरा खर्च मात्र पायाजवळ मुरणारं पाणी, स्लॅबच्या पोटातलं लोखंड आणि भिंतीतली वायर काढते. या तिन्हींचा आकडा इसाराच्या आधी कागदावर आला पाहिजे. इसार दिल्यावर किंमत कमी करून मागता येत नाही आणि रजिस्ट्रीनंतर दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज काढणं नेहमीच जास्त जिकिरीचं ठरतं.

पैसे कमी पडतात ते इथे

समजा सौदा ७० लाखांत ठरला. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. (३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ही मर्यादा ९० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के आहे.) घेणारा हिशेब करतो: ७० चे ८० टक्के ५६ लाख, आपले १४ लाख.

पण बँक ८० टक्के कशाचे धरते? करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत, यांतली जी कमी असेल तिचे. व्हॅल्युअर जमिनीची किंमत वेगळी काढतो, बांधकामाची वेगळी, आणि बांधकामातून वयाप्रमाणे घसारा कापतो. वरच्या मजल्यावरची खोली मंजूर नकाशात नसेल तर ती बहुधा मोजतच नाही. त्याने ६२ लाख लिहिले तर कर्ज ४९ लाख ६० हजार मिळेल. म्हणजे तुमच्या खिशातून १४ नाही, २० लाख ४० हजार जाणार. त्यावर मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून साधारण सात टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम कर्जात धरली जात नाही, रोख लागते. एकूण २५ लाख ६० हजार झाले. वकील, बँकेची प्रक्रिया फी आणि दलाली अजून बाकीच आहे.

पहिल्या हिशेबातले १४ लाख आणि दुसऱ्यातले २० लाख ४० हजार, यांतला फरक ६ लाख ४० हजारांचा. दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम जाते ती नेमकी इथे. म्हणून शक्य असेल तर इसाराच्या आधीच बँकेशी बोलून व्हॅल्युएशनचा अंदाज घ्या. ते जमत नसेल, तर ठरलेलं कर्ज मंजूर न झाल्यास इसार परत मिळेल, ही अट इसारपत्रात लिहून घ्या. तोंडी कबुलीवर राहू नका.

बँक आणखी एक गोष्ट बघते: इमारतीचं उरलेलं आयुष्य. व्हॅल्युअरने ते १५ वर्षं लिहिलं तर २० वर्षांचं कर्ज मिळणार नाही, आणि मुदत कमी झाली की हप्ता वाढतो.

महिलेच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ७० लाखांवर ते ७० हजार होतात. मात्र खरेदीदारांत पुरुषाचं नाव जोडलं की ही सवलत जाते.

कागद, थोडक्यात

आखीव पत्रिका (सिटी सर्व्हेचा मालकीचा उतारा), मंजूर नकाशा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मागच्या व्यवहारांचा वकिलाने काढलेला तपास), मालमत्ता कराची आणि पाण्याच्या बिलाची शेवटची पावती हे सगळीकडे लागतंच. नागपुरात त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारा. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवर आहे का, आणि असेल तर लीजचं नूतनीकरण झालंय का? नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, जमीन आहे का? जुन्या अनधिकृत ले-आऊटमधला प्लॉट असेल तर आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, मिळालेलं आहे का? यांतलं एकही उत्तर लटकलेलं असेल तर बँक थांबते, आणि तुमचा इसार अडकून बसतो.

विकणारे वारस असतील तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. त्यांतला एखादा परदेशात स्थायिक असेल तर त्याच्या हिश्शावर कापायचा कर वेगळा आणि बराच जास्त असतो. तो कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, त्यामुळे सीएला आधीच विचारा. सगळे विक्रेते भारतातले असले तरी ५० लाख आणि त्यावरच्या सौद्यात एक टक्का टीडीएस तुम्हालाच कापून भरायचा असतो.

भेगा वाचायच्या कशा

घर बघायला जाताना टॉर्च, छोटा हातोडा, स्क्रू-ड्रायव्हर, टेप आणि एक रुपयाचं नाणं सोबत ठेवा. शक्य झालं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा. नवा रंग एप्रिलमध्ये बरंच झाकतो, पावसाळ्यात त्याच्याने झाकवत नाही.

नागपूरच्या बऱ्याच भागांत वरचा थर काळ्या मातीचा आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुन्या घरांचा पाया खालच्या कठीण मुरमापर्यंत न नेता काळ्या मातीतच थांबवला असेल, तर घर दरवर्षी किंचित वर-खाली होतं. भिंत हे सोसत नाही आणि तिच्या सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून, तिरपी भेग निघते.

प्लास्टरवर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा असतील तर काळजी नको, ते प्लास्टरचं आकुंचन आहे. कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली, एका टोकाला रुंद, आणि आत-बाहेर एकाच जागी दिसणारी भेग विटांमधून गेलेली असते. तिच्यात रुपयाचं नाणं कडेने शिरलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. अशा भेगेत जुनी पुट्टी भरलेली आणि त्याच रेषेत ती पुन्हा फुटलेली दिसली, तर भेग जिवंत आहे असं समजा. खात्री करून घ्यायची असेल तर भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा आणि तारीख लिहून ठेवा. भिंत हलली की काच तडकते.

इलाजाची सुरुवात भिंतीपासून होत नाही, पाण्यापासून होते. गच्चीचे पाईप पायाशीच पाणी सोडत असतात. मागच्या गल्लीतला गटाराचा चेंबर फुटलेला असतो. उन्हाळाभर कूलरचं पाणी खिडकीखाली त्याच जागी ठिबकत असतं. घराचा एक कोपरा ओला आणि बाकीचा कोरडा, हीच काळ्या मातीतली सगळ्यात वाईट अवस्था. आधी हे पाणी दूर न्या. मग घराभोवती किमान तीन फूट रुंदीचं प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे भिंतीलगतचा पक्का पट्टा, घाला, भिंतीकडून बाहेर तीन फुटांत एक इंच उतार ठेवून. ते भिंतीला जिथे टेकतं तो सांधा नीट बुजवा, नाहीतर पाणी तिथूनच आत जातं.

भिंतीजवळचं मोठं झाड घाईने तोडू नका. झाड मातीतलं पाणी ओढत असतं, ते गेलं की माती फुगून उलट्या दिशेने भेग पडू शकते. शिवाय शहरी भागात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, तोपर्यंत भेग नुसत्या लवचीक सीलंटने बंद ठेवा. ती शांत राहिली तर मग सळ्यांचे टाके घालून, जाळी लावून प्लास्टर करा. पाया खालून बांधून काढणं हा शेवटचा उपाय आहे आणि तो इंजिनिअरच्या देखरेखीशिवाय करायचा नसतो.

गच्ची आणि स्लॅब

गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर (स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थरावर) नवा कोबा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला आहे आणि तो धोक्याचा आहे. हिशेब करून बघा. १००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. त्यावर चार इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला की साधारण साडेनऊ घनमीटर माल चढतो आणि त्याचं वजन १८ टनांच्या घरात जातं. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते तिचा स्लॅब माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला १५० किलो धरून डिझाइन करतात, म्हणजे पूर्ण गच्चीला १४ टन. एकच जादा कोबा ही सगळी राखीव ताकद खाऊन वर आणखी मागतो. आणि जुन्या कोब्यात मुरलेलं पाणी नव्याच्या खाली कोंडून राहतं, ते स्लॅबच्या लोखंडाकडेच जातं.

म्हणून गच्चीवर चढून आधी जाडी मोजा. पावसाच्या पाण्याचं तोंड जिथे आहे तिथे किंवा जिन्याच्या कडेला ती दिसते. स्लॅब चार-पाच इंचांचा, त्यावर कोबा चार इंचांचा, म्हणजे आठ-नऊ इंच ठीक. बारा-तेरा इंच भरले तर दुसरा थर आधीच चढलेला आहे. तो खालपर्यंत काढायचा, मलबा गच्चीवर ढीग न लावता रोजच्या रोज उतरवायचा, मग एकच थर घालायचा. उतार दहा फुटांना सव्वा इंच, भिंतीच्या कडेने गोलाई, आणि शेवटी पाणी भरून ४८ तास ठेवायचं. खालच्या छताला ओल आली नाही तरच मिस्त्रीचा तो हप्ता द्या.

आता खोलीत येऊन छताकडे बघा. बाथरूमचं छत, स्वयंपाकघराचं छत आणि बाहेरचे छज्जे आधी तपासा, कारण लोखंड तिथेच लवकर गंजतं. हातोड्याने हलकं ठोका. टणक आवाज आला तर काँक्रीट धरून आहे, डबडब आला तर प्लास्टर किंवा काँक्रीट सुटलंय. जुन्या घरांत सळईखालचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारं काँक्रीट, जेमतेम अर्धा-पाऊण इंच असायचं. ओल तिथवर पोचली की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. छतावर सळईच्या रेषेत सरळ भेग आणि तपकिरी डाग दिसला तर हे सुरू झालेलं आहे.

पडलेल्या जागी नुसतं सिमेंट लावून रंग मारणं म्हणजे दोन वर्षांची मुदतवाढ. बरोबर पद्धत अशी: खालून टेकू द्या, सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे पाऊण इंच मोकळी जागा होईपर्यंत काढा, सळई ब्रशने घासून चकचकीत करा, गंजरोधक लावा. सळईची जाडी पाव हिस्सा झिजली असेल तर जोडीला नवी सळई द्या. मग जुनं आणि नवं घट्ट धरणारा बाँडिंग कोट, आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर थरांमध्ये भरा. हे काम चौरस फुटावर मोजलं जातं, म्हणून सौद्याआधी प्रत्येक खोलीच्या छतावर डबडब वाजणारा भाग खडूने आखून त्याचं माप घ्या. तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त छत वाजत असेल तर दुरुस्तीचा नाद सोडून इंजिनिअरला विचारा, की नवा स्लॅब स्वस्त पडेल की फक्त जमिनीचा भाव देऊन घर पाडायचं.

हॉल मोठा करायला मधली भिंत काढायची इच्छा अनेकांना होते. जुनी घरं बहुधा कॉलम-बीमची नसतात, नऊ इंची भिंतींवर स्लॅब टेकलेला असतो. अशी भिंत मिस्त्रीच्या भरवशावर काढायची नाही. तिच्या जागी बीम कोणता, तो कशावर टेकणार, खाली पाया पुरेल का, हे इंजिनिअरने काढून दिलं पाहिजे आणि त्याला महापालिकेची किंवा सुधार प्रन्यासची परवानगीही लागते.

वायर, नळ आणि उधई

जुन्या घरात लाकडी पट्टीवरची किंवा अॅल्युमिनियमची वायर असेल आणि अर्थिंग नसेल, तर अर्धवट बदल करू नका, पूर्ण वायरिंग धरा. दिव्यांना १.५ चौरस मिमी, साध्या सॉकेटना २.५, एसी आणि गीझरला प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच). मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. तो का, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको: ओल्या हाताने पत्र्याच्या कूलरला लागणारा शॉक हाच रोखतो. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. दोन एसी आणि गीझर लावायचा विचार असेल तर भार वाढवायचा अर्ज काम सुरू करतानाच द्या.

जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) जुने पाईप आतून गंजून अरुंद झालेले असतात. टाकी भरलेली असताना सगळ्यात लांबचा नळ उघडा, पहिलं पाणी तांबूस आलं तर पूर्ण लाइन बदलावी लागेल. नवी सीपीव्हीसीची (प्लॅस्टिकची) लाइन टाकल्यावर टाइल्स लावण्याआधी दाब तपासायच्या हातपंपाने दाब भरून ठेवा आणि त्यावरच्या मीटरचा काटा उतरतो का ते बघा. भिंत बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो घ्या, पुढे ड्रिल मारताना तो फार कामी येतो.

चौकटींना खालून एक फुटापर्यंत स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर उधई आहे. जुनं सागवान चांगलं असेल तर ठेवा, तसं लाकूड आज महाग पडतं. उधईसाठी फरशी आणि भिंतीच्या सांध्यात एक-एक फुटावर १२ मिमीची भोकं पाडून प्रत्येकात एक लिटरपर्यंत औषध सोडतात. हे नवी फरशी बसवण्याआधी करून घ्या.

दुरुस्तीचे पैसे कुठून

सगळ्यात सोयीचं म्हणजे खरेदीच्या कर्जासोबतच दुरुस्तीचं कर्ज मागणं. त्यासाठी इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक लागतं आणि रक्कम काम होईल तशी टप्प्याने मिळते. म्हणजे पहिला टप्पा आधी तुमच्या खिशातून करावा लागतो, तेवढी रोख ठेवा. टॉप-अप कर्जावर (चालू गृहकर्जावर मिळणाऱ्या जादा कर्जावर) विसंबू नका, काही महिने हप्ते नीट भरल्यानंतरच बँका ते देतात.

व्याजदर कमी म्हणजे कर्ज स्वस्त, असं नेहमी नसतं. पाच लाख रुपये १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जावर पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ११,६३० आणि एकूण व्याज १ लाख ९८ हजार. तेच ९ टक्क्यांनी १५ वर्षांच्या गृहकर्जात घातले तर हप्ता ५,०७० वर येतो, पण व्याज ४ लाख १२ हजार होतं. आमचा सल्ला असा: पैसे ९ टक्क्यांचेच घ्या आणि पाच वर्षांत फेडा. हप्ता १०,३८० पडतो, व्याज १ लाख २३ हजारांत आटोपतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, त्यामुळे मुदत लांब घेऊन मधेमधे जास्त भरलं तरी चालतं.

जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. स्वतः राहत्या घराच्या खरेदीच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट आहे, दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर फक्त ३० हजार, तेही त्या २ लाखांतच. दुरुस्तीच्या मुद्दलावर काहीच नाही.

अंदाजपत्रकाच्या वर १५ ते २० टक्के राखीव ठेवा. जुन्या घरात फरशी उचलल्याशिवाय खालचं दिसत नाही. आणि काम चालेल ते चार महिने भाडं आणि हप्ता दोन्ही भरायचे आहेत, ते आत्ताच लिहून ठेवा.

काम कधी, आणि मिस्त्रीचा हिशेब कसा

पावसाळ्यात घर बघा, दिवाळीच्या आसपास रजिस्ट्री करा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी गच्ची आणि स्लॅबची कामं उरका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सिमेंटमधलं पाणी ते पकडण्याआधीच उडून जातं आणि कोबा पहिल्याच वर्षी तडकतो. उन्हाळ्यात करणं भागच असेल तर पहाटे किंवा संध्याकाळी माल टाका, ओलं बारदान पसरा आणि किमान दहा दिवस पाणी मारा. क्रम कायम वरून खाली आणि बाहेरून आत: गच्ची, गटार, स्लॅब, मग वायर-नळ, प्लास्टर, फरशी, सुतारकाम. रंग सगळ्यात शेवटी, भिंती पूर्ण वाळल्यावर.

ठेका एकरकमी देऊ नका, मापावर द्या: कोबा चौरस फुटाने, पाईप रनिंग फुटाने, वायरिंग पॉइंटने. प्रत्येक ओळीत माल कोणाचा, सिमेंट कोणतं, मलबा उचलायचा कोणी, हे लिहा. दहा टक्के आगाऊ, पुढचे पैसे पूर्ण झालेल्या मापाप्रमाणे. गच्ची आणि बाथरूमच्या कामातले दहा टक्के हातात ठेवा, आणि ते जुलैचा पहिला मोठा पाऊस पडून छत कोरडं राहिल्यावर द्यायचे, हे ठेका देतानाच लिहून त्याची सही घ्या.